तोंड बरं होईपर्यंत

माणसाला अक्कल केव्हा येते, या प्रश्नाचे उत्तर जगातल्या लोकांनी दातांवरून काढलेले आहे. तोंडातली शेवटची दाढ साधारण सतरा ते पंचवीस या वयात उगवते, म्हणून आपण तिला अक्कलदाढ म्हणतो. लॅटिनमध्येही तिचे नाव शहाणपणाचा दात असेच आहे. तुर्की लोक तिला नुसते ‘विसाव्या वर्षाचा दात’ म्हणतात. वय सांगायचे, पण अकलेची हमी घ्यायची नाही, हा त्यांचा सावधपणा मला बँकेत मुरलेल्या माणसाचा वाटतो. कोरियात हीच दाढ ‘प्रेमाचा दात’ होते. आणि जपानी भाषेतल्या तिच्या नावाचा अर्थ आहे ‘आईबापाला ठाऊक नसलेली’. मला विचाराल तर सगळ्यांत खरे बोलला तो जपानी माणूस. त्या वयात आईबापाला ठाऊक नसलेल्या इतक्या गोष्टी चाललेल्या असतात, की त्यात एक दाढ म्हणजे किरकोळ खर्च.

माझी अक्कलदाढ शेहेचाळिसाव्या वर्षी काढावी लागली. म्हणजे अक्कल आली केव्हा हे मला सांगता येत नाही. गेली केव्हा ते मात्र तारीखवार सांगता येते. जानेवारीतला दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी असते. २०१५ सालच्या सप्टेंबरपासून आम्हाला दुसरा आणि चौथा शनिवार मिळतो, आणि दुखण्यासाठी रजा खर्च करणे ही मला शुद्ध उधळपट्टी वाटते. रजा ही माणसाने धडधाकट असताना भोगायची वस्तू आहे.

दाढेची तक्रार तशी नोव्हेंबरपासूनच होती. राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांनी फोटो काढून तो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, “ही आडवी झोपलीय बघा.” खरोखरच, महालक्ष्मी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात एखादा दांडगा उतारू शेजाऱ्याच्या बरगडीला पाय लावून झोपतो, तशी ती शेजारच्या दाढेला टेकून निवांत पसरली होती. “जबडा लहान, दाढा जास्त. जागा नसली की अशा अडकतात,” डॉक्टर म्हणाले. डार्विननेही १८७१ सालच्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की सुधारलेल्या माणसाला या दाढा हळूहळू निरुपयोगी होत चालल्या आहेत. शिजवलेले मऊ अन्न खाऊन आपला जबडा आखडला म्हणे. सुधारणा वाढली की अकलेला जागा उरत नाही, हे डार्विनला म्हणायचे नव्हते. पण त्याने आमची शाखा पाहिलेली नव्हती.

मी शनिवारी एकटाच निघालो होतो. पण आमची ही म्हणाली, “मी येतो की बरोबर. एकटं कशाला जाता?” (आमच्याकडे बायका येतो-जातोच म्हणतात. पुण्याचे पाहुणे दचकतात, आम्ही नाही.) खुर्चीवर बसलो, सुई टोचली, आणि दहा मिनिटांत उजवा गाल माझा राहिला नाही. ही सोय आपल्याला किती उशिरा मिळाली पाहा. अमेरिकेत हार्टफर्ड गावच्या होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने ११ डिसेंबर १८४४ रोजी हसवणारा वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली आणि दुखले नाही म्हणून तो हरखला. पुढच्याच महिन्यात बोस्टनला मोठमोठ्या डॉक्टरांपुढे प्रयोग केला, तर ऐन वेळी रोगी ओरडला आणि सभेने वेल्सला लबाड ठरवून हाकलले. आता टोचतात ते औषध स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले. तेव्हा माझ्या आजोबांनी दाढ काढली असेल ती दोन माणसांनी खांदे धरूनच.

घरी येताना हातात सूचनांचा कागद होता. अर्धा-पाऊण तास बोळा दाबून धरा. चोवीस तास थुंकू नका, चूळ भरू नका. बाहेरून बर्फ लावा. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या गुळण्या. गरम नको, तिखट नको. नळीने काही ओढून पिऊ नका. बोलणे कमी.

यातले ‘तिखट नको’ वाचून घरात सुतक पडल्यासारखे झाले. कोल्हापुरात माणसाला तिखट बंद करणे म्हणजे त्याचे नागरिकत्व काढून घेण्यासारखे आहे. शेजारीपाजारी भेटायला येऊ लागले. आमच्या गल्लीत आजाऱ्याला औषध सुचवले नाही, तर भेट मोजत नाहीत. एकाने लवंगेचे तेल सांगितले, एकाने हळद. एकजण म्हणाले, “गंगावेशीत जाऊन म्हशीखालचं धारोष्ण दूध मारा दोन ग्लास, दाढ परत उगवंल.” मी फक्त मान हलवत होतो. आणि एक गंमत लक्षात आली. मी बोलत नाही म्हटल्यावर लोक माझ्याशी फार चांगले वागू लागले. बायकोने दोन दिवसांत माझ्याशी एकदाही वाद घातला नाही, कारण वादाला जोडीदार लागतो. मेहुणे म्हणाले, “दाजी किती शांत झाले!” रविवारी संध्याकाळपर्यंत मला स्वतःविषयी बराच आदर वाटू लागला होता.

त्याच रात्री मी एक पाप केले. शेजारच्या घरी मटण होते आणि त्यांच्याकडून आजाऱ्यासाठी म्हणून वाटीभर पांढरा रस्सा आला. पांढरा म्हणजे तिखट नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली. गार करून घेतला, म्हणजे गरमही नव्हे. आता तोंड तर उघडत नव्हते. मुलाच्या नारळपाण्याची एक नळी स्वयंपाकघरात होती. पांढरा रस्सा नळीने पिणारा मी या करवीर नगरीतला पहिलाच माणूस असेन. शाहू महाराजांनी पाहिले असते तर हद्दपार केले असते.

पण हे पाप किरकोळ. खरे पाप सोमवारचे आहे, आणि त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

त्याचे मूळ नोव्हेंबरात. नोव्हेंबरात आमच्या बँकेत हयातीच्या दाखल्यांची जत्रा भरते. पेन्शनवाल्याने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचे लिहून द्यायचे असते. नाही दिले तर पेन्शन थांबते. २०१४ सालापासून हे काम यंत्रावर बोट टेकवूनही होते. पण जन्मभर भांडी घासलेल्या आजीबाईंच्या बोटांवरच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. मग कागद आलाच. पेन्शनचे टेबल एका नव्या मुलीकडे होते. नुकतीच लागलेली, अजून प्रोबेशनवर. गर्दी आवरेना म्हणून साहेबांनी मला तिच्या मदतीला बसवले.

शेवटच्या आठवड्यात एक आजी आल्या. मिस्टर रेल्वेत होते, त्यांच्या माघारी फॅमिली पेन्शन. यंत्राने तीनदा नकार दिला तेव्हा म्हणाल्या, “का रं बाबा, मी मेलो का काय?” मी हसून कागद भरून घेतला. त्या वेळी दाढ ठणकत होती, पाच वाजत आले होते. म्हटले, “ठेवा आजी, करतो मी.” त्यांनी विचारले, “पावती?” मी म्हणालो, “माझ्यावर विश्वास नाही होय?” विश्वास होता. म्हणून तर त्या गेल्या. मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, वर दाढेच्या फोटोचे पाकीट ठेवले, आणि विसरलो.

आता त्या सोमवारी या. मी सुजलेला गाल घेऊन कामावर गेलो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असते, त्यामुळे माझे दर्शन भारदस्त झाले होते. साडेअकराला आजी आल्या. डिसेंबरअखेरचे पेन्शन पडले नव्हते. आठवडाभर वाट पाहून आल्या होत्या. हातात पासबुक आणि औषधाची चिठ्ठी. मुलीने संगणकात पाहिले, दाखल्याची नोंद नव्हती. आजी म्हणाल्या, “मी दिलो की कागद! हितंच दिलो.” कोणाकडे दिला ते त्यांना आठवेना, काउंटरच्या काचेमागे सगळे चेहरे सारखेच दिसतात, आणि माझा तर त्या दिवशी मलाही ओळखू येत नव्हता. आवाज वाढला. साहेब बाहेर आले. टेबल मुलीचे, म्हणजे चूक मुलीची. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतले. “अशाने कायम व्हायचं नाही हं,” असेही म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारले, “तुम्ही होता ना तेव्हा मदतीला? तुमच्याकडे आला होता का यांचा दाखला?”

मला त्या क्षणी सगळे आठवले. कागद, पाकीट, ड्रॉवर, “माझ्यावर विश्वास नाही होय?” सगळे.

मी गालाकडे बोट दाखवले. हात जरा हलवला. “अं अं,” असे काहीसे म्हणालो.

साहेब म्हणाले, “असू दे, असू दे, बोलू नका तुम्ही.” आणि सगळ्यांनी त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेतला.

वाचक मंडळी, मी खोटे बोललो का? दुपारभर मी याच प्रश्नाची कागदपत्रे तपासत होतो. शब्द एकही उच्चारला नाही. हात हलवला, पण हात हलवण्याचा अर्थ ‘आता नको’ असाही होतो. आणि डॉक्टरांची लेखी सूचना माझ्या खिशात होती : बोलणे कमी. कुठल्याही ऑडिटमध्ये मी सुटलो असतो.

पण ऑडिट आणि हिशेब यांत फरक असतो. आणि तो सोमवार होता, म्हणून मला गांधीजी आठवले. सोमवार हा त्यांचा मौनाचा वार. २ जून १९४७ हाही सोमवारच होता. त्या दिवशी माउंटबॅटनसाहेबांनी देशाच्या फाळणीची योजना पुढाऱ्यांपुढे मांडली, आणि मग गांधीजी त्यांना भेटायला आले ते मौन घेऊनच. त्यांनी वापरलेल्या पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून कळवले, की मी आज बोलू शकत नाही. मौनाचे व्रत घेताना दोन सवलती मी राखून ठेवल्या होत्या : तातडीच्या कामात मोठ्या अधिकाऱ्यांशी बोलणे आणि आजाऱ्याची सेवा. पण मी आज मौन मोडावे अशी तुमची इच्छा नाही, हे मला माहीत आहे. अशा अर्थाचा तो मजकूर होता. त्या दिवशी त्यांनी बोलायला हवे होते की नाही, हा वाद मोठ्या माणसांनी घालावा. मला त्यातल्या दोनच गोष्टी टोचल्या. एक, व्रत करणाऱ्याने सुद्धा दुसऱ्याच्या गरजेसाठी दार किलकिले ठेवले होते. आणि दुसरी, ज्याला कळवायचे असते तो पाठकोऱ्या पाकिटावर लिहूनही कळवतो. माझ्यासमोर तर अख्खी बँक होती. स्लिपांचे गठ्ठे होते, दोरीला बांधलेले पेन होते. ‘दाखला माझ्याकडे आहे’ एवढे लिहायला दोन शब्द आणि एक क्रियापद लागले असते. म्हणजे तोंड बंद होते हे खरे, पण ते दाढेने बंद केलेले नव्हते.

द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा भीष्मांना काही दाढदुखी नव्हती. त्यांनी धर्माची गती फार सूक्ष्म असल्याचे सांगितले. आमच्या भाषेत, प्रकरण मार्गदर्शनासाठी वर पाठवले. त्या भरल्या सभेत कौरवांपैकी उठून बोलला तो विकर्ण, वयाने लहान. अक्कलदाढा पुरत्या आलेले सगळे खाली बघत बसले होते. लहानपणी कीर्तनात हे ऐकताना मी स्वतःला नेहमी विकर्णाच्या जागी बसवीत असे. बसायची खरी जागा कोणती ते शेहेचाळिसाव्या वर्षी कळले.

संध्याकाळी घरी पोहोचतो न पोहोचतो तोच दाढेच्या खड्ड्यातून कळ निघाली. साधी नव्हे. कानापर्यंत, डोळ्यापर्यंत, पार मागच्या जन्मापर्यंत. रात्रभर मी माजघरात येरझाऱ्या घातल्या. आणि खरे सांगू? मला आतून थोडे बरे वाटत होते. म्हटले, मिळाली शिक्षा. त्या मुलीला बोलणी बसली, मला कळा आल्या. आजींचे पेन्शन थांबले, माझी झोप थांबली. फिट्टंफाट. सकाळपर्यंत भोगले की पाटी कोरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी देवाकडून खात होतो, आणि मनातल्या मनात त्याची पावतीही मागत होतो.

मंगळवारी सकाळी बँकेत जाण्याआधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आत पाहिले आणि विचारले, “नळीने काही ओढून प्यालात?”

मी गप्प.

“खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तिचंच झाकण असतं. ओढून प्यायलं की ती निसटते आणि हाड उघडं पडतं. मग असं दुखतं. काय प्यालात?”

“पांढरा रस्सा,” मी म्हणालो. डॉक्टर कोल्हापूरचेच. रागावले नाहीत, फक्त डोळे मिटून घेतले. मग खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी भरली. तिला लवंगेचा वास होता. म्हणजे शेजाऱ्यांपैकी एकाचे तरी बरोबर होते.

पण माझी मात्र पंचाईत झाली. कळा रस्सा प्यायल्याच्या होत्या, गप्प बसल्याच्या नव्हत्याच! मी रात्रभर जे भोगले ते भलत्याच खात्यावर जमा धरत होतो. आणि समजा देवाने ती शिक्षा खरोखर माझ्या मौनासाठीच दिली असती, तरी काय झाले असते? मी बी.कॉम. झालेला माणूस. पहिल्या वर्षाला पहिल्या तासाला शिकवतात : जितके एका खात्याला नावे, तितके दुसऱ्या खात्याला जमा. माझी झोप उडाली ती माझ्या खात्याला नावे पडली. ती जमा कुणाच्या खात्याला झाली? आजींच्या पासबुकात त्याने एक रुपया वाढला नाही. त्या मुलीच्या कपाळावरचे ‘निष्काळजी’ हे अक्षर माझ्या कळांनी पुसले गेले नाही. आपल्याला वाईट वाटले, रात्रभर तळमळलो, की काहीतरी फेडल्यासारखे वाटते. पण ज्याचे देणे आहे त्याच्या हातात काही पडले नसेल तर ती फेड नव्हे. तो नुसता आपला घरगुती खर्च.

तेव्हा बँकेत गेलो तो सरळ ड्रॉवर उघडला. पाकिटाखाली कागद होता. आजींचा अंगठा, खाली माझ्या अक्षरात तारीख. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर ठेवला आणि तोंडात पट्टी असताना जितके स्वच्छ बोलता येईल तितके बोललो. “माझ्याकडे दिला होता. मी विसरलो. काल तुम्ही विचारलंत तेव्हा मला आठवलं होतं.” शेवटचे वाक्य नसते म्हटले तरी चालले असते. पण पहिली दोन वाक्ये चुकीबद्दल होती आणि शेवटचे माझ्याबद्दल होते. ते गाळले असते तर पुन्हा तीच अळीमिळी गुपचिळी, फक्त जरा तोंड उघडून.

साहेबांनी बराच वेळ कागद पाहिला. मग लेखी खुलासा द्यायला सांगितला. तो मी दिला. मुलीला बोलावून ते “काल जरा जास्त बोललो” एवढेच म्हणाले. साहेब लोकांच्या दरात हे बरेच आहे. नोंद त्याच दिवशी झाली, आणि मागच्या रकमेसकट आजींचे पेन्शन पुढे सुरू झाले. त्या आल्या तेव्हा मी काउंटरबाहेर जाऊन त्यांना सांगितले, “आजी, चूक माझी होती.” त्यांनी माझ्या गालाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “व्हय. पण मी जित्ती हाय न्हवं आता कागदावर? मग झालं.” औषधाचे पैसे त्या आठवड्यात त्यांनी कुणाकडून उसने घेतले, ते मी विचारले नाही. तेवढे धैर्य झाले नाही.

त्या मुलीची माफी मागायला मी जेवणाच्या सुट्टीत गेलो. ती डबा उघडत होती. मी सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “मला सोमवारीच कळलं होतं, सर. तुम्ही घरी गेल्यावर मी स्टेपलर शोधायला तुमचा ड्रॉवर उघडला होता.”

“मग बोलली का नाहीस?”

ती जरा थांबली. म्हणाली, “तुमचं तोंड बरं व्हायची वाट बघत होते.”

तिचेही मौन आणि माझेही मौन. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पण प्रोबेशनवरच्या पोरीने वीस वर्षांच्या नोकरीवाल्याविरुद्ध तोंड उघडायचे तर तिची नोकरी पणाला लागते. माझी फार तर इभ्रत लागली होती, आणि तीही सुजलेली. माझ्या गप्प बसण्याचा खर्च ती भरत होती. तिच्या गप्प बसण्याचाही खर्च तीच भरत होती. गप्प बसणे चांगले की वाईट, हे मला अजून सांगता येत नाही. ते कुणाच्या खात्याला नावे पडते, एवढे मात्र आता आधी बघतो. निदान बघायचे ठरवले आहे.

डॉक्टर म्हणतात, हिरडी काही आठवड्यांत मिटते, पण आतला खड्डा हाडाने भरायला महिने लागतात. जीभ अजूनही अधूनमधून तिथे जाऊन येते. विशेषतः काउंटरवर कुणी म्हातारे माणूस कागद पुढे सरकवून “पावती?” म्हणाले की हमखास जाते. मी आता पावती देतो. न मागताही देतो. मागचा माणूस रांगेतून ओरडतो, “किती वेळ, साहेब!” तेव्हा मात्र मी काही बोलत नाही.